गच्ची, भिंत आणि वायर

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त संस्थेच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवी वर्षातलं भाषण म्हटलं की जुन्या आठवणी, पहिला गणपती, टँकरचे दिवस असं काहीतरी ऐकायला मिळेल अशी अपेक्षा असते. ते काम माझ्यापेक्षा चांगलं करणारे बरेच जण या सभागृहात बसले आहेत. समितीने मला सांगितलं की इमारतीच्या उपयोगाचं काहीतरी बोला. म्हणून आजचा विषय घेतला आहे तो अडवणाऱ्या पदार्थांचा. उष्णता अडवणारे, आवाज अडवणारे आणि वीज अडवणारे. शाळेत आपण त्यांना दुर्वाहक, रोधक म्हणत होतो. दुकानदार त्या सगळ्यालाच इन्शुलेशन म्हणतो.

विषय रुक्ष वाटेल. पण ऑफिसमधली तक्रारवही उघडून बघा. एप्रिल-मे महिन्यात वरच्या मजल्यावरची तक्रार: घराची भट्टी होते, रात्री बारापर्यंत पंखा गरम हवा फेकतो. दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या की आवाजाच्या तक्रारी: शेजारचा टीव्ही, वरच्यांच्या खुर्च्या. आणि पावसाळ्यात: आमचा मेन ट्रिप होतो, बोर्डाला हात लावला की झिणझिण्या येतात. तक्रारी वेगळ्या, करणारे वेगळे, पण मूळ एकच. जिथे काहीतरी अडायला पाहिजे, तिथे ते अडत नाही.

एक फरक मात्र आहे आणि आजच्या भाषणाचा सगळा मुद्दा त्यात आहे. गच्ची तापली की माणूस तक्रार करतो. आवाज आला की तर करतोच करतो. वायरीवरचं आवरण म्हातारं झालं की बहुतेक वेळा कुणीच तक्रार करत नाही, कारण काही जाणवतच नाही. आपली इमारत २५ वर्षांची आहे. खर्चाची यादी तक्रारींच्या संख्येवरून केली, तर वायरीचा नंबर शेवटी लागतो. तो वर आणा, एवढं सांगायला मी उभा आहे.

ओला फडका

आधी थोडं मूळ समजून घेऊ. गॅसवरून पातेलं उतरवताना आपण जाड फडका वापरतो. फडक्यातलं सूत उष्णता अडवतं, पण त्याहून जास्त अडवते ती सुतांमध्ये अडकलेली हवा. हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे, मात्र ती हलता कामा नये. ती हलायला लागली की स्वतःच उष्णता उचलून नेते. म्हणून गोधडी, स्वेटर, पक्ष्यांची पिसं, थर्माकोल, ग्लासवूल या सगळ्यांचं तंत्र एकच आहे. हवेला बारीक बारीक कप्प्यांत कोंडून ठेवायचं. थर्माकोलमध्ये आकारमानाने सुमारे ९८ टक्के हवाच असते. आपण पैसे मोजतो ते कप्पे करून दिल्याबद्दल.

आता तोच फडका ओला घ्या आणि गरम पातेलं धरा. स्वयंपाकघरात काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे काय होतं ते. हात भाजतो. कप्प्यांतली हवा जाऊन तिथे पाणी बसलेलं असतं, आणि पाणी उष्णता नेण्यात हवेच्या वीस-पंचवीस पट पुढे. हा ओला फडका आज लक्षात ठेवा. गच्चीवर आणि वायरीत, दोन्हीकडे तो आपल्याला भेटणार आहे.

कोरडं आवरण काय करू शकतं याची एक गोष्ट सांगतो. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टन बंदरातून ‘टस्कनी’ नावाचं जहाज कोलकत्याला निघालं. माल काय, तर तळ्यांवरून कापून काढलेला नैसर्गिक बर्फ, सुमारे १८० टन. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याचा हा उद्योग. जहाज दोनदा विषुववृत्त ओलांडून चार महिन्यांनी पोचलं, आणि जवळपास १०० टन बर्फ शिल्लक होता. ना यंत्र, ना वीज. लाकडी फळ्या, झाडाच्या सालीचा भुगा आणि वाळलेलं गवत, आणि वितळलेलं पाणी लगेच बाहेर काढायची सोय. पुढे मुंबईलाही असा बर्फ यायला लागला आणि त्यासाठी बर्फघर बांधलं गेलं. चेन्नईतलं बर्फघर तर अजून उभं आहे, त्याला आज विवेकानंद हाऊस म्हणतात. आपल्याकडे बर्फाची लादी भुशात घालून वर गोणपाट टाकायचे, ती त्यातलीच रीत.

गच्ची

आता आपल्या गच्चीवर येऊ. मे महिन्यात दुपारी स्लॅबचा वरचा पृष्ठभाग ५० ते ६० अंशांपर्यंत तापतो. काँक्रीट ही उष्णता अडवत नाही, साठवते. ती खाली झिरपायला काही तास लागतात. म्हणून वरच्या मजल्यावर दुपारी दोनपेक्षा रात्री नऊला जास्त उकडतं. बाहेर गार वारा सुटलेला असतो आणि छत मात्र तव्यासारखं तापलेलं.

आपल्या पूर्वजांनी यावर जाडीचा उपाय केला होता. मराठवाड्यात, सोलापूरकडे माळवदाची घरं, खानदेशात धाब्याची घरं बघितली असतील. लाकडी सरे, वर काटक्या-कडबा, त्यावर मातीचा जाड थर. आत शिरलं की गार वाटायचं. आपण सहा इंचांच्या आतल्या स्लॅबखाली राहतो, तेव्हा तेवढी जाडी परवडणार नाही. पण जाडीऐवजी योग्य पदार्थ वापरता येतो. पाच सेंटिमीटर जाडीचा थर्माकोलसारखा फोम उष्णता जेवढी अडवतो, तेवढी अडवायला काँक्रीट वापरायचं म्हटलं तर जवळपास दोन मीटर जाड लागेल.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. पहिला क्रम पाण्याचा. आपल्या गच्चीवर ब्रिकबॅट कोबा आहे, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा माल. विटेत बारीक छिद्रं असतात, त्यामुळे कोबा कोरडा असेल तर उष्णतेलाही थोडाफार आडवा येतो. पण २५ वर्षांत त्याला चिरा गेल्या, पाणी आत मुरलं, की तो ओला फडका झाला. शिवाय वजन वाढतं, आणि सळया गंजतात तो भाग वेगळाच. म्हणून गळती न थांबवता वरून इन्शुलेशन टाकणं म्हणजे ओल्या फडक्यावर नवी इस्त्री.

दुसरा क्रम रंगाचा. ऊन आत घेऊन मग अडवण्यापेक्षा ते परत पाठवणं स्वस्त. पांढऱ्या पृष्ठभागावर पडलेलं बरंचसं ऊन परत फिरतं, काळपट सिमेंटवरचं बरंचसं मुरतं. पांढऱ्या फुटक्या टाइल्सची चायना मोझॅइक जुन्या मिस्त्र्यांनी उगीच नाही वापरली. आज त्यासाठी परावर्तक रंगही मिळतात. फक्त धूळ बसली की पांढरा रंग पांढरा राहत नाही. मार्च महिन्यात गच्ची धुऊन घेण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

तिसरा क्रम इन्शुलेशनचा. ते स्लॅबच्या वरून घालावं की खालून छताला लावावं? शक्य असेल तर वरून. वरून घातलं तर स्लॅब स्वतःच गार राहतो, रोज फुगणं-आकसणं कमी होतं आणि चिरा कमी पडतात. यासाठी पाणी न शोषणाऱ्या बंद कप्प्यांच्या फोमच्या लाद्या मिळतात, एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीनच्या. गणपतीच्या मखराचा थर्माकोल तिथे चालत नाही.

खर्च कुणाचा, हा प्रश्न मला माहीत आहे, तो दरवर्षी सर्वसाधारण सभेत येतो. गच्ची सामाईक आहे, आणि आदर्श उपविधींप्रमाणे तिच्या गळतीची दुरुस्ती संस्थेने संस्थेच्या खर्चाने करायची असते. पहिल्या मजल्यावरच्यांनी मनात म्हणू नये की आमच्या डोक्यावर कुठे ऊन पडतं. कारण गच्चीतून मुरलेलं पाणी डक्टमधून आणि भिंतींतून खाली येतं, आणि खाली मीटर रूम आहे.

भिंत

आवाजाचं शास्त्र उष्णतेपेक्षा वेगळं आहे, आणि फसवणूक इथेच जास्त होते. कोंडलेली हवा उष्णता अडवते, पण हवा हे तर आवाजाचं वाहनच आहे. हलका, फुसफुशीत पदार्थ आवाज अडवू शकत नाही. शेजारचा टीव्ही ऐकू येतो म्हणून भिंतीला थर्माकोल चिकटवला, तर शेजारचा टीव्ही तसाच ऐकू येतो, फक्त आपली खोली दोन इंचांनी लहान होते.

आवाज अडतो तो वजनाने. भिंत जितकी जड, तितकी ती हलवायला आवाजाला कठीण. पण इथेही मर्यादा आहे. भिंतीचं वजन दुप्पट केलं, तर फायदा पाच-सहा डेसिबलचा. आवाज कानाला निम्मा वाटायला साधारण दहा डेसिबल कमी व्हावे लागतात. म्हणजे चार इंची भिंतीची नऊ इंची केली, तरी शेजारी गप्प होत नाहीत, जरा लांब गेल्यासारखे वाटतात.

मग मऊ फोमचे पॅनेल, अंड्यांचे ट्रे, जाड पडदे कशासाठी? ते आवाज शोषतात, म्हणजे ज्या खोलीत आवाज आहे तिथला घुमारा कमी करतात. आपल्या या सभागृहात माईक घुमतो, तिथे त्यांचा उपयोग होईल. शोषणं आणि अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला विचारा, तुमचा माल यांतलं काय करतो?

दुसरी गोष्ट फटीची. पाणी जसं भोकातून जातं तसा आवाज फटीतून जातो. दाराखाली दोन सेंटिमीटरची फट असली, तर ती दाराच्या क्षेत्रफळाच्या जेमतेम एक टक्का. पण तेवढी एक टक्का फट असली, की बाकीचं दार किल्ल्याचं असलं तरी एकूण अडवणूक वीस डेसिबलच्या वर जात नाही. म्हणून अभ्यासाच्या खोलीसाठी हजारो रुपयांचे पॅनेल लावण्याआधी दाराखाली रबरी पट्टी लावा, खिडकीच्या सरकत्या काचांचं रबर बदला, आणि एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक बुजवा.

तिसरी गोष्ट वरून येणाऱ्या ठोक्यांची. खुर्ची ओढली, खलबत्त्यात वेलची कुटली, तर तो आवाज हवेतून येत नाही, स्लॅबमधूनच येतो. तो खालच्या घरात अडवता येत नाही, वरच्याच घरात अडवावा लागतो. खुर्चीच्या पायांना रबरी बुटं, मिक्सरखाली रबराची चकती, खलबत्त्याखाली चौघडी गोणपाट. खालच्याचा त्रास वरचाच कमी करू शकतो. कायद्यानेही निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. पण शेजाऱ्याकडे डेसिबलमीटर घेऊन जाण्यापेक्षा रबरी बुटांचं पाकीट घेऊन गेलेलं बरं.

वायर

आता मुख्य विषय. १७२९ साली इंग्लंडमध्ये स्टीफन ग्रे या गृहस्थाने वीज दोरीतून किती लांब जाते याचे प्रयोग केले. दोरी त्याने रेशमाच्या धाग्यांनी टांगली होती, आणि वीज शेकडो फूट गेली. धागा तुटला म्हणून त्याच्या जागी तितकीच बारीक पितळेची तार बांधली. वीज पुढे जाईना. सगळी त्या तारेतून आधारात निघून गेली. तेव्हा कळलं की फरक जाडीचा नाही, पदार्थाचा आहे. रेशीम वीज अडवतं, पितळ वाहून नेतं.

पुढचा धडा समुद्रात मिळाला. मलायातल्या एका झाडाचा चीक, गटापर्चा, तांब्याच्या तारेवर गुंडाळून समुद्राखालून तारायंत्राच्या केबल टाकायला लागले. १८५८ साली अटलांटिकखालून पहिली केबल टाकली गेली आणि काही आठवड्यांत बंद पडली. आवरण आधीच कुठे कुठे कच्चं होतं, त्यात संदेश नीट जाईनात म्हणून तारेला फार मोठा विजेचा दाब दिला गेला. आवरण फुटलं. पुढे सुधारणा झाल्या, आणि १८७० साली आपली मुंबई अशाच केबलने थेट लंडनशी जोडली गेली. प्रत्येक आवरणाला एक मर्यादा असते, ती ओलांडली की ते एका रात्रीत निकामी होतं, हे तेव्हापासून ठाऊक आहे.

आपल्या भिंतीतल्या तांब्याच्या वायरीवर पीव्हीसीचं आवरण आहे. साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० अंश सेल्सिअस. वायर आतून इतकी तापेपर्यंत ते वर्षानुवर्षं काम करतं. त्याच्या पुढे त्याचं वय भराभर घटतं. इंजिनिअर लोकांचा ढोबळ नियम आहे की कायमचं तापमान दहा अंशांनी वाढलं तर इन्शुलेशनचं आयुष्य निम्मं होतं. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेली द्रव्यं हळूहळू उडून जातात, आवरण कडक होतं, वाकवलं की तडकतं.

वायर तापते कशाने? तिच्यातून जाणाऱ्या करंटने. आणि ही वाढ साधी नाही, वर्गाची आहे. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. आपण राहायला आलो तेव्हा घरात काय होतं? दिवे, पंखे, फ्रिज, टीव्ही, एखादा गिझर. आज दोन एसी, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, इंडक्शनची शेगडी. गाडीला चार्जिंग पाहिजे असे अर्ज येतात, आणि साधा कार-चार्जरसुद्धा पंधरा अँपिअरच्या आसपास करंट सलग सहा-सात तास घेतो. गिझर पंधरा मिनिटांत बंद होतो, चार्जर रात्रभर वायर तापवत ठेवतो. उपकरणं वाढली, भिंतीतली वायर तीच.

आता गंमत बघा. वीज अडवणारं पीव्हीसी उष्णताही अडवतं. म्हणजे वायरीत निर्माण झालेली उष्णता बाहेर पडायला पहिला अडथळा तिच्याच आवरणाचा. त्यावर प्लॅस्टिकचा पाइप, पाइपात दाटीने आणखी पाच-सहा वायरी, वर प्लॅस्टर. आणि वरच्या मजल्यावर तर पंखे-दिव्यांचे पाइप थेट तापलेल्या स्लॅबमधून गेलेले. भोवतालचं तापमान ३० अंश असेल तर वायरीला तापायला ४० अंशांची मोकळीक असते. स्लॅबच ५० अंशांवर गेला की उरते वीस अंशांची. त्यात कुणी गार वाटावं म्हणून पीओपीच्या छतावर ग्लासवूल पसरतं आणि त्याच्या खाली वायरींचा जुडगा गाडून टाकतं. उष्णता अडवायची ती घराची. वायरीची मोकळी सोडायला हवी. म्हणून मी म्हणतो, गच्ची आणि वायर हे दोन विषय वेगळे नाहीत. गच्ची गार ठेवली तर वरच्या मजल्यावरच्या वायरींचंही आयुष्य वाढतं.

आणि इथे ओला फडका पुन्हा येतो. खांबावरचे चिनी मातीचे इन्शुलेटर बघितले असतील, एकाखाली एक छत्र्यांसारखे घेर असलेले. पावसातही खालची बाजू कोरडी राहावी म्हणून तो आकार. तरी पहिल्या सरीला दिवे का जातात? उन्हाळाभर बसलेली धूळ पहिल्या पावसाने नुसती ओली होते, धुऊन जात नाही, आणि त्या चिखलाच्या थरावरून वीज वाट काढते. नंतरचा जोराचा पाऊस तो थर धुऊन नेतो. आपल्या भिंतीतही तेच. तडकलेलं आवरण उन्हाळ्यात कोरडं असतं म्हणून चालून जातं. श्रावणात भिंत ओली झाली की वीज भिंतीत उतरते आणि बोर्डाला झिणझिण्या येतात.

ही झिणझिणी म्हणजे इमारतीने दिलेली सूचना आहे. रबरी चप्पल घालून बटण दाबणं हा त्यावर उपाय नाही. इतर सूचनाही ओळखायला शिका. प्लग काढताना गरम लागणं, स्विचची पाटी पिवळी-तपकिरी होणं, जळका वास, गिझर लावला की दिवा मंद होणं. यांतलं काहीही दिसलं तर ते बटण वापरणं बंद करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा.

काय करावं

समितीपुढे ठेवण्यासाठी मी काही सूचना लिहून आणल्या आहेत.

एक. सगळ्या वायरिंगची इन्शुलेशन चाचणी करून घ्यावी. मेगर नावाचं यंत्र असतं. ते ५०० व्होल्टचा दाब देऊन आवरणातून किती वीज निसटते हे मोजतं. उत्तर किमान १ मेगाओहम यायला हवं. चांगली वायर त्याच्या कितीतरी पट दाखवते. ही चाचणी भर पावसाळ्यात करावी. मे महिन्यात पास होणारी वायर ऑगस्टमध्ये नापास होऊ शकते. चाचणीआधी टीव्ही, फ्रिज वगैरे उपकरणांचे प्लग काढून ठेवावेत. प्रत्येक फ्लॅटचा आकडा रजिस्टरमध्ये लिहावा, म्हणजे पुढच्या वेळी घसरण किती ते कळेल.

दोन. एमसीबी वारंवार पडतो म्हणून त्याच्या जागी मोठा एमसीबी बसवू नये. एमसीबी उपकरणासाठी नसतो, वायर वाचवण्यासाठी असतो. १६ अँपिअरचा काढून ३२ चा घातला, तर पडणं थांबतं आणि वायर जळायला मोकळी होते. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार घालणारे होते, हा त्यांचाच नवा अवतार. एसीसाठी आणि गिझरसाठी स्वतंत्र वायर हवी. साधारण प्रघात असा की दिव्यांना दीड, पॉवर प्लगला अडीच, एसी-गिझरला चार चौरस मिलिमीटर.

तीन. प्रत्येक घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. माणसाला वाचवतो आरसीसीबी. त्यावरचं ‘टी’ अक्षराचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. तो पडला पाहिजे. नाही पडला तर त्याच दिवशी बदला.

चार. मीटर रूम ही अडगळीची खोली नाही. जुने बॅनर, मंडपाचे बांबू, सायकली बाहेर काढाव्यात. भिंतीची ओल बंद करावी, पॅनेलपुढे रबरी मॅट टाकावी. जिन्याच्या डक्टमधली नवी वायर कमी धूर करणाऱ्या किंवा हॅलोजनमुक्त आवरणाची घ्यावी. साधं पीव्हीसी जळलं की काळाकुट्ट आणि विषारी धूर होतो, आणि आगीत माणसं आधी धुरानेच गुदमरतात.

पाच. गच्चीवर, बाहेरच्या भिंतीला किंवा छताला काहीही लावताना ते पेटतं का, हे आधी विचारावं. २०१७ साली लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये आग एका घरातल्या फ्रिजपासून सुरू झाली. ती इमारतभर पसरली ती बाहेरून लावलेल्या पेटणाऱ्या आवरणामुळे. ७२ माणसं गेली. ते आवरण इमारत सुंदर दिसावी आणि घरं उबदार राहावीत म्हणून लावलं होतं. तसंच जुन्या अॅस्बेस्टॉसच्या पत्र्यांचं. ते आगीला दाद देत नाहीत, पण त्यांचा उडालेला तंतू फुप्फुसात जाऊन बसतो. असे पत्रे कापू नका, त्यांना भोकं पाडू नका.

खर्चाच्या वाटणीबद्दल वाद नको. फ्लॅटमधल्या मेन स्विचपर्यंतची वायर संस्थेची, त्याच्या आतली सभासदाची. पण आग लागली तर ती मेन स्विचपाशी थांबून विचारत नाही की मी कुणाची. म्हणून चाचणी सगळ्यांची एकत्र व्हावी. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा करायचं हे आपल्याला उपविधींनी शिकवलंच आहे. त्याच वेळी वायरींचंही करून टाकावं.

  

सभासदांनी विचारलेले काही प्रश्न

प्रश्न: आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. गच्चीचं काम होईपर्यंत या उन्हाळ्यात काय करावं?

उत्तर: समितीची परवानगी घेऊन तुमच्या डोक्यावरच्या भागाला पांढरा परावर्तक रंग द्या. रात्री बाहेर गार झालं की समोरासमोरच्या खिडक्या उघडा, सकाळी दहाच्या आत पडदे ओढा. पडदा खिडकीच्या बाहेरच्या बाजूला असेल, वाळ्याचा किंवा बांबूचा, तर जास्त बरं. ऊन काचेच्या आत आल्यावर अडवण्यात अर्थ नाही.

प्रश्न: माठातलं पाणी गार राहतं, म्हणजे माती उत्तम दुर्वाहक ना?

उत्तर: छान विचारलंत काकू. माठ अडवत नाही, पाझरतो. पाझरलेलं पाणी सुकताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. म्हणून माठाला बाहेरून ऑइलपेंट लावला की पाणी गार होत नाही. त्याला मोकळा वारा लागू द्या.

प्रश्न: सगळं वायरिंग बदलायचं म्हणजे भिंती फोडायच्या का?

उत्तर: बहुतेक ठिकाणी नाही. पाइप मोकळे असतील तर जुन्या वायरीला नवी बांधून ओढून घेता येते. पाइप दबला असेल तिथे तेवढ्यापुरतं बाहेरून केसिंग पट्टी लावून काम होतं. आधी चाचणी करा. ज्यांचे आकडे चांगले येतील त्यांना कदाचित काहीच बदलावं लागणार नाही.

प्रश्न: आमच्याकडे २५ वर्षांत विजेचा कधी काही त्रास झालेला नाही. मग उगाच चाचणीला पैसे का घालवायचे?

उत्तर: आजोबा, तुम्ही दर सहा महिन्यांनी रक्तदाब तपासून घेता ना? तो वाढलेला असला तरी पुष्कळदा काही जाणवत नाही, म्हणूनच यंत्र लावून बघावा लागतो. वायरीच्या आवरणाचं तसंच आहे. ज्या घरातून तक्रार नाही, तिथेही मेगर एकदा लावून बघायला हवा. आकडा चांगला आला तर निश्चिंत राहा. नाही आला तर वेळेवर कळलं म्हणा.